ऐतिहासिक राजवाड्याच्या भिंतीसाठी टॅपेस्ट्रीचे चित्र कसे तयार करावे

युरोपातील जुने किल्ले आणि राजवाडे आजही समकालीन चित्रकारांकडून हातमागावरच्या टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे, करून घेतात. डेन्मार्कच्या राणी दुसऱ्या मार्ग्रेथे यांच्या 50व्या वाढदिवसानिमित्त, म्हणजे 1990 साली, तेथील उद्योगजगताने त्यांना टॅपेस्ट्रींची मालिका भेट देण्याचे ठरवले. ब्यॉर्न नोरगोर या कलावंताने चित्रे रचली, फ्रान्समधील गोबेलां आणि बोव्हे येथील राष्ट्रीय विणशाळांनी ती विणली आणि 2000 साली, राणींच्या 60व्या वाढदिवसाच्या सुमारास, एकूण 17 टॅपेस्ट्रींचा हा संच कोपनहेगनच्या क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्यातील मोठ्या दालनात लागला. एका चित्रकाराने काम स्वीकारल्यापासून भिंत सजेपर्यंत दहा वर्षे गेली. अशा कामाची संधी मिळालेल्या किंवा त्यासाठी प्रस्ताव पाठवू इच्छिणाऱ्या चित्रकाराने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय टाळावे, हे या लेखात मांडले आहे. फ्रान्समधील ओब्युसाँ येथील टॅपेस्ट्री केंद्र 2010 पासून समकालीन कलावंतांकडून प्रस्ताव मागवत आले आहे, त्यामुळे ही वाट केवळ राजघराण्यांच्या परिचितांनाच खुली आहे असे नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढील सर्व सूचना तिच्यावर उभ्या आहेत. टॅपेस्ट्री ही चित्राची लोकरीतली प्रत नव्हे. चित्रकार जे देतो तो आराखडा असतो. कलाकृती मागावर जन्म घेते आणि तिच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर विणकराचा निर्णय असतो. ज्या चित्रात विणकराला निर्णय घ्यायला जागाच ठेवलेली नसते, ते चित्र कॅनव्हासवर कितीही सुंदर दिसले तरी मागावर निर्जीव होते.

भिंत समजून घेणे

काम हाती येताच रेखाटने सुरू करू नयेत. प्रथम त्या दालनात जाऊन बसावे, शक्य असल्यास सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर. भिंतीची लांबी-उंची तर मोजावीच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाहणारा माणूस कुठे उभा असेल, बसलेला असेल की चालत असेल, दरवाजे कुठे उघडतात, शेकोटी कुठे आहे आणि खिडकीचा उजेड कोणत्या बाजूने पडतो, याची नोंद घ्यावी. क्रिस्तियान्सबोर्गचे दालन सुमारे 40 मीटर लांब आणि 10 मीटर उंच आहे आणि तेथे राजकीय मेजवान्या होतात. अशा ठिकाणी टॅपेस्ट्रीला दोन अंतरांवरून बोलावे लागते: दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला मोठे आकार आणि रंगांचे पट्टे कळले पाहिजेत, तर भिंतीलगत बसलेल्या पाहुण्याला दीड-दोन मीटरवरून पाहत राहण्याजोगे तपशील मिळाले पाहिजेत. नोरगोर यांच्या पटांमध्ये माणसे, चिन्हे आणि प्रसंग यांची प्रचंड गर्दी आहे, तरी प्रत्येक पटाची मुख्य रचना लांबून वेगळी ओळखू येते. मधल्या अंतराचा विचार करून केलेले चित्र मात्र बहुधा दोन्ही ठिकाणी फसते.

यानंतर त्या वास्तूच्या इतिहासाशी आपले नाते काय असेल हे ठरवावे. याची तीन ठळक उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. पहिले क्रिस्तियान्सबोर्गचेच. डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने सोळाव्या शतकात क्रोनबोर्ग किल्ल्यासाठी डॅनिश राजांची टॅपेस्ट्री मालिका विणवून घेतली होती. नोरगोर यांनी ती परंपरा समोर ठेवून व्हायकिंग काळापासून वर्तमानापर्यंत आणि त्यापुढे भविष्यापर्यंत देशाचा इतिहास रचला. दुसरे उदाहरण स्कॉटलंडमधील स्टर्लिंग किल्ल्याचे. तेथील राजवाड्यात युनिकॉर्नची (एकशिंगी काल्पनिक घोड्याची) टॅपेस्ट्री मालिका होती असे जुन्या यादीतून कळत होते, म्हणून न्यूयॉर्कमधील संग्रहालयात असलेल्या युनिकॉर्न मालिकेच्या आधारे सात पट नव्याने विणले गेले. हे काम 2001 ते 2014 या काळात चालले आणि त्याला सुमारे 20 लाख पौंड खर्च आला. न्यूयॉर्कच्या मालिकेतील एका पटाचे केवळ तुकडे उरले असल्याने तो पट नव्याने कल्पावा लागला, म्हणजे पुनर्विणकामातही रचनाकाराची गरज पडली.

तिसरे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. फ्रान्समधील आँजेच्या किल्ल्यात चौदाव्या शतकातील, बायबलमधील जगाच्या अंताचे प्रसंग दाखवणारी जगप्रसिद्ध ‘अपोकॅलिप्स’ टॅपेस्ट्री आहे. आँजूचा सरदार पहिला लुई याने ती विणवून घेतली, चित्रे जाँ बोंदोल यांची होती आणि मूळच्या सुमारे 140 मीटर लांबीपैकी आज साधारण 100 मीटर उरली आहे. विसाव्या शतकात चित्रकार जाँ ल्युर्सा यांनी ती पाहिली आणि त्यांच्या कामाची दिशाच बदलली. 1957 साली त्यांनी तिला उत्तर म्हणून स्वतःची मालिका सुरू केली, जिचा आरंभ अणुबॉम्बच्या धोक्याने होतो. 1966 साली त्यांचे निधन झाले तेव्हा दहा पट, सुमारे 80 मीटर, तयार होते. ही मालिका आँजेतच, एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत लावलेली आहे. जुन्या टॅपेस्ट्रीचे अनुकरण न करता तिच्याशी बरोबरीने संवाद कसा करावा, हे शिकायचे असेल तर त्या शहरात दोन्ही मालिका एकाच दिवशी पाहाव्यात.

मागाला काय जमते आणि काय जमत नाही

महाराष्ट्रातील वाचकाला हा भाग समजणे तुलनेने सोपे आहे, कारण पैठणीचा पदर मूलतः याच तंत्राने विणला जातो. येवला किंवा पैठण येथील पारंपरिक मागावर बाण्याचा धागा, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या ताण्याच्या धाग्यांतून आडवा विणला जाणारा धागा, कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जात नाही. मोराच्या निळ्या भागासाठी निळी कांडी तेवढ्याच जागेत फिरते, तिथून परत वळते आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवली जाते. म्हणूनच उत्तम पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. युरोपातील टॅपेस्ट्रीत तत्त्व हेच, मात्र ताणा सुती आणि जाड, बाणा प्रामुख्याने लोकरीचा, आणि बाणा इतका ठोकून बसवलेला की ताणा पूर्णपणे झाकला जातो. दोन रंगांच्या सीमेवर धागे गुंतवायचे की फट सोडून ती नंतर सुईने शिवायची, हा विणकराचा निर्णय असतो.

या तंत्रातून चित्रकारासाठी काही बंधने निर्माण होतात. बहुतेक मोठ्या टॅपेस्ट्री मागावर आडव्या विणल्या जातात, म्हणजे चित्राची डावी बाजू आधी आणि उजवी शेवटी विणली जाते, आणि मागावरून उतरवल्यावर पट 90 अंशांत फिरवून टांगला जातो. त्यामुळे भिंतीवर ताण्याचे धागे आडवे आणि बाण्याचे उभे असतात. परिणामी टांगलेल्या चित्रातील उभी सरळ रेषा सहज आणि स्वच्छ येते, कारण ती बाण्याच्या दिशेने जाते. आडवी सरळ रेषा मात्र ताण्याच्या दिशेने जाते; तिथे रंगांच्या मध्ये फट पडते आणि पटाचे वजन खाली ओढत असल्याने ती फट वर्षानुवर्षे उघडत राहते. तिरप्या रेषेला पायऱ्या पडतात. म्हणून लांबलचक आडव्या क्षितिजरेषा, पायऱ्यांचे काठ किंवा पसरलेली समुद्राची पातळी काढताना ती रेषा कुठेतरी मोडावी, हलवावी, शेजारच्या आकाराने छेदावी. जुन्या फ्लेमिश पटांत झुडपे, फुले आणि वस्त्रांच्या चुण्या इतक्या विपुल का आहेत, याचे एक व्यावहारिक कारण हेही आहे की असे तुटक आकार मागाला मानवतात.

छायाप्रकाशासाठी विणकर दातेरी रेघा वापरतो. गडद रंगाचे निमुळते दाते फिक्या रंगात शिरतात आणि दुरून मधली छटा भासते. हे दाते नेहमी बाण्याच्या दिशेने, म्हणजे भिंतीवर उभे दिसतात. ब्रशने केलेला धूसर, वितळता छायाप्रकाश विणकराला दिला तर त्याला शेकडो छटा रंगवून घ्याव्या लागतात आणि तरीही परिणाम मऊ, ढिसाळ होतो. त्याऐवजी चित्रकाराने दातेरी रेघांची दिशा आणि लय स्वतः आखून द्यावी, किंवा कमीत कमी कुठे छटा बदलावी आणि कुठे एकदम तुटावी हे स्पष्ट सांगावे.

ताण्याची घनता आरंभीच ठरवून घ्यावी. एका सेंटीमीटरमध्ये 5 ताणे असतील तर 10 सेंटीमीटर उंचीच्या चेहऱ्याला अवघे 50 ताणे मिळतात. त्यात डोळ्याच्या पापणीला एक किंवा दोन. एवढ्या हिशेबानेच कळते की दुय्यम व्यक्तीचा चेहरा किती मोठा काढावा लागेल. चित्रातील अक्षरांचेही तसेच आहे. अक्षरे आणि हातांच्या मुद्रा यांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते: आडव्या मागावर, म्हणजे ताणा जमिनीला समांतर असलेल्या मागावर, विणकर पटाच्या मागच्या बाजूने विणतो आणि आराखडा ताण्याखाली असतो, त्यामुळे पट आराखड्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो. राफाएलने पोपच्या सिस्टाइन चॅपेलसाठी 1515 च्या सुमारास काढलेले पूर्ण मापाचे आराखडे याच कारणाने उलटे आहेत. गोबेलांच्या उभ्या मागावरही विणकर मागच्या बाजूला बसतो, पण तेथे ताण्यावर खुणा करून आणि समोर आरसा ठेवून पुढची बाजू तपासली जाते. आपले काम कोणत्या मागावर होणार आहे हे विचारूनच आराखडा सुलटा द्यायचा की उलटा, हे ठरवावे.

रंग

रंगांबाबत माझे मत ठाम आहे: कमी रंग घ्यावेत. अठराव्या शतकात गोबेलां आणि बोव्हे येथे चित्रकार उद्री यांनी विणकरांनी तैलचित्राचे हुबेहूब अनुकरण करावे असा आग्रह धरला आणि त्यावरून विणकरांशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. सूक्ष्म छटांची संख्या वाढत गेली, आणि नाजूक छटा उजेडात सर्वांत आधी विटतात, त्यामुळे त्या काळातील कित्येक पट आज फिकट आणि असमतोल दिसतात. जुन्या पटांतील झाडे निळी दिसतात तीही याच प्रकारची गोष्ट आहे: हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून केला जाई, पिवळा उडाला आणि निळा राहिला. ल्युर्सा यांनी याच्या नेमके उलट केले. त्यांनी मोजक्या रंगांचा संच ठरवला, प्रत्येक रंगाच्या लोकरीला क्रमांक दिला आणि आराखड्यात रंग न भरता रेषांच्या आत क्रमांक लिहिले. यामुळे विणकराला अंदाज बांधावा लागला नाही, खर्च आटोक्यात आला आणि रंग एकमेकांशेजारी ठामपणे उभे राहिले. आँजेच्या जुन्या पटात पार्श्वभूमी आळीपाळीने लाल आणि निळी ठेवली आहे. एवढ्या साध्या युक्तीने प्रसंगामागून प्रसंग वेगळे वाचता येतात. तिचा अभ्यास प्रत्येक नव्या रचनाकाराने करावा.

रंगाचा नमुना एकटा हातात धरून कधीही पसंत करू नये. 1824 पासून गोबेलांच्या रंगकाम विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. त्यांनी तपासल्यावर आढळले की रंगात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे डोळ्यांना काळा दुबळा भासत होता. यातूनच शेजारी ठेवलेल्या रंगांच्या परस्परपरिणामाचा सिद्धान्त त्यांनी 1839 साली मांडला. म्हणून लोकरीच्या लड्या नेहमी ज्या रंगाशेजारी त्या विणल्या जाणार त्याच्यासोबत, आणि त्या दालनातील उजेडाइतक्याच उजेडात पाहाव्यात. एका कांडीवर दोन-तीन छटांचे बारीक धागे एकत्र घेऊन विणले की पृष्ठभागाला जी खोली येते ती सपाट रंगाने येत नाही. ही मिश्रणे सुचवण्याचे काम विणकराकडे सोपवावे. वापरायचे रंग प्रकाशात किती टिकतात याची चाचणी झालेली आहे का, हे विणशाळेला लेखी विचारावे.

छोट्या चित्रापासून पूर्ण मापापर्यंत

सामान्यतः चित्रकार आधी लहान मापाचे रंगीत चित्र देतो, बहुधा मूळ मापाच्या दहाव्या हिश्श्याचे. ते मान्य झाल्यावर पूर्ण मापाचा आराखडा होतो, ज्याला या व्यवसायात कार्टून म्हणतात. लहान चित्राचे छायाचित्र मोठे करून छापण्याची सोय आज आहे, पण माझ्या मते किमान महत्त्वाचे भाग तरी हाताने पूर्ण मापात पुन्हा काढावेत. मोठे केल्यावर पोकळ जागा अधिक पोकळ होतात, बोटाएवढी रेघ हाताएवढी होते, आणि दोन मीटर उंचीवरील चेहरा खालून पाहताना आखूड दिसतो. हे सर्व प्रत्यक्ष मापातच कळते. नोरगोर यांचे पूर्ण मापाचे रंगीत आराखडे डेन्मार्कमधील क्योगे येथील संग्रहालयात पाहायला मिळतात आणि विणलेले पट राजवाड्यात, त्यामुळे चित्रकाराने काय दिले आणि विणकरांनी त्याचे काय केले, याची तुलना करण्याची दुर्मीळ सोय तेथे आहे.

पूर्ण काम सुरू होण्यापूर्वी एक नमुना तुकडा विणून घ्यावा, आणि तो सोप्या भागाचा नसावा. चेहरा, पाण्यावरचा उजेड, वस्त्राची घडी असा जो भाग सर्वांत अवघड वाटतो तोच निवडावा. तुकडा भिंतीवर प्रत्यक्ष उंचीला टांगून पाहावा आणि मग विणकरांसोबत बसून ठरवावे की चित्रातले काय सोडायचे. ब्रिटिश चित्रकार क्रिस ओफिली यांनी लंडनच्या क्लॉथवर्कर्स हॉलसाठी दिलेले चित्र जलरंगातले होते. पाण्यात पसरलेला, कडांना साचलेला रंग लोकरीत आणणे अशक्यप्राय भासते. एडिंबरोच्या डव्हकॉट विणशाळेतील विणकरांनी दोन वर्षांहून अधिक काळ काम करून 2017 पर्यंत ते साधले, कारण जलरंगाच्या प्रत्येक डागाचे विणकामात काय करायचे हे त्यांनी स्वतः शोधले आणि चित्रकाराने त्यांना ते शोधू दिले. माग सुरू झाल्यावर चित्रकाराने ठरावीक टप्प्यांवर भेट द्यावी. विणलेला भाग मागावर गुंडाळला जात असल्याने पूर्ण पट कोणालाच दिसत नाही, म्हणून गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक भागाची सुलट बाजूची छायाचित्रे घ्यावीत.

आपल्याकडेही चित्रकार आणि विणकर यांच्या अशा सहकार्याची परंपरा आहे. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वाराणसी आणि मुंबई येथील विणकर सेवा केंद्रांत अनेक वर्षे काम केले होते. मराठी चित्रकाराला परदेशी विणशाळेत जाण्यापूर्वी मागाची ओळख करून घ्यायची असेल, तर येवल्यात एखाद्या पैठणी विणकराच्या परवानगीने काही आठवडे मागाशेजारी बसणे यासारखी दुसरी तयारी नाही.

काळ, पैसा आणि करार

गोबेलांच्या सूक्ष्म विणकामात एक विणकर वर्षाला साधारण एक चौरस मीटर विणतो; ओब्युसाँच्या जाड विणकामात हाच वेग महिन्याला सुमारे एक चौरस मीटर असू शकतो. म्हणजे 4 मीटर बाय 3 मीटरचा पट सूक्ष्म विणीत चार विणकर शेजारी बसून विणतील तरी तीन वर्षे लागतील. घनतेच्या निर्णयावर खर्च आणि मुदत अवलंबून असते हे राजवाड्याच्या व्यवस्थापनाला सुरुवातीसच आकड्यांत दाखवावे.

करारात चित्राचे स्वामित्व, आराखडे कोणाकडे राहणार, आणि पटाच्या किती प्रती विणता येतील हे स्पष्ट असावे. फ्रान्समधील नियमांनुसार मूळ कलाकृती म्हणून आठपेक्षा अधिक प्रती धरल्या जात नाहीत. ऐतिहासिक वास्तूसाठीचा पट एकमेव ठेवावा असे मी सुचवेन. विणशाळेची खूण आणि विणकरांची आद्याक्षरे पटाच्या काठात विणली जातील, तसेच मागच्या बाजूला चित्रकार, विणशाळा, शीर्षक, माप आणि प्रत क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवली जाईल, याचाही उल्लेख करावा. शक्य असेल तेथे विणकरांची पूर्ण नावे दालनातील माहितीफलकावर यावीत, असा आग्रह चित्रकाराने स्वतः धरावा.

टांगणी आणि देखभाल

जुन्या दगडी भिंतीत हवे तिथे छिद्र पाडता येत नाही; वारसा संरक्षण अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून टांगणीचा आराखडा चित्रासोबतच सादर करावा. सध्या सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अशी: पटाच्या वरच्या काठामागे सुती पट्टा शिवून त्यावर वेल्क्रोची मऊ पट्टी लावतात आणि भिंतीवरील लाकडी पट्टीवर खरखरीत बाजू बसवतात. यामुळे वजन सर्वत्र सारखे विभागले जाते आणि आग लागल्यास पट झटकन उतरवता येतो. पट आणि भिंत यांत हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवावे, कारण दगडातील ओल लोकर शोषून घेते. मागे अस्तर लावावे, पण ते खालून मोकळे ठेवावे. शेकोटीच्या वर आणि गरम हवेच्या झोताजवळ पट लावू नये.

कापडी वस्तूंसाठी संग्रहालयांत साधारण 50 लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) इतकाच प्रकाश ठेवतात. मेजवानीच्या दालनात ही मर्यादा नेहमी पाळली जात नाही, म्हणून खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म आणि दालन रिकामे असताना पडदे बंद, एवढी अट तरी मान्य करून घ्यावी. कसर लागली आहे का हे वर्षातून किमान दोनदा, विशेषतः अस्तराच्या घडीत आणि खालच्या काठाशी, तपासले जावे. काम संपताना चित्रकाराने व्यवस्थापनाला एक पेटी द्यावी: वापरलेल्या प्रत्येक रंगाच्या लोकरीची क्रमांक लिहिलेली लडी, रंगांची सूत्रे, नमुना तुकडा, आराखड्याची प्रत आणि विणकामादरम्यानची छायाचित्रे. पुढे पटाला दुरुस्ती लागली तर दुरुस्ती करणाऱ्याला पहिल्या दिवशी याच पेटीची गरज पडेल, म्हणून ती अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवून तिची नोंद पटाच्या मागच्या कापडी पट्टीवर करावी.